आधी गाठेल त्याचा वकील

माणूस ओळखण्यात माझा हात धरणारा आमच्या वारूना गावात कोणी नाही. उभा जन्म मेंढ्यांची लोकर कातरण्यात गेला; कुठली मेंढी लाथ झाडणार, हे मला तिच्याही आधी कळतं. मग माझी बायको ग्लेनिस फोन घेऊन कोंबड्यांच्या खुराड्यामागे जायला लागल्यावर मी काय स्वस्थ बसणार होतो? खुराड्याच्या अलीकडे मी अंडी शोधायला लागलो. अंडी सकाळीच काढून झाली होती, ती गोष्ट वेगळी.

पलीकडे ती बहिणीशी बोलत होती. गुरुवारी वाचनालयात एक वकीलबाई येते म्हणे, घरगुती भांडणांवर फुकट सल्ला देते. ग्लेनिस दुपारची कामं आटोपून जाणार होती.

"पण नेव्हला कळता कामा नये," ती म्हणाली. नेव्ह म्हणजे मी. "त्याच्याशिवायच उरकायचं."

इतक्या वर्षांचा संसार, आणि ही बाई कोंबड्यांच्या साक्षीनं मोडायला निघाली!

संध्याकाळी क्लबात क्लिफला गाठलं. क्लिफचे दोन घटस्फोट झालेत, त्यामुळे या विषयात गावात त्याचा शब्द शेवटचा. त्यानं बिअरचा घोट घेऊन सांगितलं, की वकिलानं एकदा नवऱ्याचं गुपित ऐकलं की त्याला बायकोचं काम घेता येत नाही, नियमच आहे तसा. "तू आधी जाऊन बस," तो म्हणाला. "आधी गाठेल त्याचा वकील."

गुरुवारी सकाळी वाचनालयाचं दार उघडायच्या आत मी पायरीवर हजर! वकीलबाई म्हणजे इमोजेन नावाची तरुण पोरगी. तिनं माझं नाव विचारलं, समोरच्या पक्षाचं विचारलं, कॉम्प्युटरात दोन्ही शोधली. ग्लेनिसचं नाव नव्हतं, म्हणजे मीच पहिला. मग मी मन मोकळं केलं. ग्लेनिसचं फोन लपवणं, माझ्या बुटांवरून कटकट करणं, मटणाच्या चॉप्स करपवणं, सगळं सांगितलं. इमोजेननं विचारलं, तुम्हाला नक्की काय हवंय? म्हटलं, काही नको, फक्त ऐकून घे.

मी काम अर्धवट सोडणाऱ्यांतला नाही. तिथून गावातल्या दोन्ही पैसे घेणाऱ्या वकिलांकडे गेलो. पहिली भेट त्यांची फुकटच असते, तिथेही तेच पुराण लावलं. जेवायच्या वेळेपर्यंत आख्खं वारूना माझ्या बाजूनं होतं. क्रिकेट लावून मी आरामात पाय पसरले.

दुपार कलल्यावर ग्लेनिस घरी आली ती डोळे पुसत.

"टिलीसाठी गेले होते," ती म्हणाली.

टिली आमची नात. ईस्टरच्या सुमारास आमचा मुलगा डीन आणि सून शॅनन वेगळे झाले. डीन लांब खाणीवर निघून गेला आणि शॅननने पोरीला आमच्याकडे पाठवणं बंद केलं. मी म्हणायचो, होईल सगळं शांत. ग्लेनिस मात्र दर शनिवारी टिलीच्या पलंगावर धुतलेली चादर घालायची. आजी-आजोबांनाही नातवंडांना भेटायचं कायद्यानं मागता येतं, आधी कोणी मध्यस्थ दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवतो, असं तिच्या बहिणीनं सांगितलं होतं.

"वकीलबाई चांगली हसून बोलत होती," ती म्हणाली. "मी नाव सांगितलं आणि तिचा चेहराच पडला. म्हणे मदत करता येणार नाही, आणि कारणही सांगता येणार नाही. गावातल्या दोघांना फोन केला, तर त्यांचंही तेच."

मी टीव्हीचा आवाज वाढवला.

"हे शॅननचं काम," ग्लेनिस म्हणाली. "तिनंच जाऊन सगळ्यांना अडवून ठेवलंय. टिली कायमची तोडायचीय तिला आपल्यापासून." आणि तिनं गाडीची किल्ली उचलली. शॅननच्या दारात जाऊन जाब विचारणार होती. तसं झालं असतं तर टिलीचं तोंड आम्हाला तिच्या लग्नातही दिसलं नसतं. मी दारात आडवा उभा राहिलो आणि खुराड्यापासून चॉप्सपर्यंत सगळं ओकलो.

ग्लेनिस खाली बसली.

"मला सांगितलं का नाहीस?" मीच उलट विचारलं. चोर तो चोर!

"तुला सांगितलं असतं तर संध्याकाळी क्लबात कळलं असतं, आणि रात्री शॅननला," ती म्हणाली. मला स्वतःचीच लाज वाटली.

फुकट सल्ला देणारा दुसरा वकील होता तो थेट ॲडलेड शहरात. दुसऱ्याच आठवड्यात ग्लेनिसला गाडीत घालून निघालो. रस्ताभर ती खिडकीबाहेर बघत होती. मी दोनदा खायला काही हवं का विचारलं, एकदा चहा विचारला.

तिथल्या वकीलबाईनं ग्लेनिसचं नाव लिहून घेतलं आणि विचारलं, "समोरचा पक्ष कोण?"

ग्लेनिसनं मान वळवली आणि मला डोक्यापासून बुटांपर्यंत नीट न्याहाळलं.

"सध्या तरी," ती म्हणाली, "सुनेचंच नाव लिहा."