रंगारीकाकांचा पुठ्ठा

तुमच्या बुडाची रुंदी किती आहे?

लाजू नका. चपलेचा नंबर तुम्ही सांगता, चष्म्याचा सांगता, कॉलर किती इंची हे शिंप्याला सांगता. मग ज्याच्यावर बसून निम्मं आयुष्य जातं, त्याचंच माप कसं ठाऊक नाही? रायपूरच्या तेलीबांध्यातल्या आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, हे माप प्रत्येकाला पाठ आहे. कारण आमच्या गल्लीत रंगारीकाका राहतात.

त्यांच्या घरी गेलात की चहा नंतर. आधी लाकडी स्टुलावर खोक्याचा नालीदार पुठ्ठा ठेवला जातो आणि हुकूम सुटतो, "बस. पाय वर घे. हलू नको." मिनिटभरानं उठायचं. बसताना भार घेणाऱ्या दोन हाडांचे दोन खळगे पुठ्ठ्यात उमटलेले असतात. काका त्यांच्यामधलं अंतर पट्टीनं मोजतात आणि गल्लीला ऐकू जाईल असं जाहीर करतात, "साडेबारा सेंटीमीटर! तुह्या सायकलची सीटच चूक हाय, पोट्टे!" विम्याचा एजंट, गॅसवाला, लग्नाची पत्रिका द्यायला आलेले पाहुणे, सगळे इथे माप देऊन गेलेत.

काका रेल्वेच्या वॅगन दुरुस्ती कारखान्यातून निवृत्त झाले. वॅगनच्या बेअरिंगला उलटा हात लावून ती तापली आहे का हे पाहण्यात त्यांची नोकरी गेली. "घासलं तिथं तापलं, तापलं तिथं गेलं!" हे त्यांचं ब्रीद. पूर्वी ते बेअरिंगबद्दल होतं, आता मांड्यांबद्दल आहे. सायकलनं नागपूरला जायचं, असं ते सगळ्यांना सांगत आणि त्या नावाखाली जगातल्या प्रत्येक शिवणीची झडती घेत.

गोल बाजारात त्यांच्याबरोबर कपडे घ्यायला जाणं ही परीक्षा असते. काका पँट उलटी करतात आणि मधली शिवण गालावर घासून पाहतात.

"अंकल, पहनना है कि चूमना है?" दुकानदारानं एकदा विचारलं.

"गाल को चुभती है तो नीचे क्या करेगी?" काकांनी भर दुकानात विचारलं. गिऱ्हाइकं हसली, पण दोघा-तिघांनी आपापल्या पँटी उलट्या करून पाहिल्या, हेही मी पाहिलं.

गादीवाली सायकलची चड्डी काकांनी आणली, तेव्हा ती नेहमीच्या पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीवरून घातली. पंचवीस-तीस किलोमीटरवरच्या अभनपूरपर्यंत जाऊन आले आणि आठवडाभर बदकासारखे चालले. सायकलच्या दुकानातल्या माणसानं कानात सांगितलं, "अंकल, इसके अंदर कुछ नहीं पहनते." काका भडकले. "आतून काही न घालता घराबाहेर? मी?" पण दुसऱ्याच फेरीत पटलं, आणि पटलं म्हणजे काकांच्या लेखी ते गुपित राहत नाही. रविवारी विहारात वंदना संपली, खीर वाटली जाणार, तेवढ्यात काका उठून म्हणाले, "सायकलवाल्यायनं हात वर करा. आत काय घालता?"

काकू त्या दिवसापासून विहारात त्यांच्यापासून चार रांगा लांब बसतात.

मऊ सीटवर त्यांचा विशेष राग. अंगठा खुपसून म्हणतात, "रसगुल्ला हाय हा. बाजारापर्यंत गोड, मंग रडवते." लांब जायचं तर सीट टणक हवी आणि आपल्या मापाची हवी, हँडल वर हवं, टायर रुंद हवा. मी सुती कपड्यांची कट्टर. त्यांनी माझ्या ओढणीवर आणि त्यांच्या सायकलच्या झुळझुळीत, नायलॉनच्या बनियनवर एकेक पेला पाणी ओतलं आणि दोन्ही दोरीवर टाकलं. बनियन वाळून, घडी होऊन आत गेलं, तरी माझं तत्त्व ठिबकतच होतं.

शहरात सायकलींना वेगळी वाट हवी म्हणून मी पत्रकं लिहिते आणि चौकात वाटते. ते वाचून काका म्हणाले, "मागणी बराबर हाय. पण लोकं ट्रकले भिऊन सायकल सोडत नाही, बुडाले भिऊन सोडतात." मी चिडले. पुढच्या पत्रकात दोन्ही कारणं लिहिली.

एका दुपारी गेले तेव्हा काकू झोपल्या होत्या. ओसरीत तीन नव्या सीटा मांडल्या होत्या. तिन्ही रुंद. काकांचं माप मलाही पाठ होतं.

"काका, ह्या तुमच्या नाहीत."

काकांनी आधी आतल्या दाराकडं पाहिलं. "हळू बोल. तुह्या काकूच्या हायेत. अंदाजानं आणल्या. माप कुठं देते ती?"

मग आवाज उतरवून सांगत गेले. काकू सरकारी दवाखान्यातल्या नर्स. अभनपूरपलीकडच्या गावांतून लसींचा डबा कॅरिअरला बांधून फिरल्या, कोणा पुरुषाची उतरलेली सायकल घेऊन. रात्री दार लावून सीट घासून झालेल्या जखमांवर स्वतःच मलम लावत. "रिटायर झाल्यावर सांगितलं तिनं. तेबी भांडणात. मी दिवसभर बेअरिंगले हात लावून पाहे, तापली काय म्हणून. घरी नाही पाह्यलं."

आता त्यातल्या एका गावातून लग्नाचं बोलावणं होतं. नवरीचा जन्म काकूंच्या हातचा. काकूंनी जीपला साफ नकार दिला होता. "ज्या गावानं मले सायकलवर पाह्यलं, तिथं मी जीपमधून उतरू? कोण ओळखंल मले?" आणि सायकलवर बसायची भीती. निवृत्तीनंतर त्या तशाही घराबाहेर पडेनाशा झाल्या होत्या. हे लग्न हुकलं तर कायमच्याच आत बसतील, हे काकांना दिसत होतं.

"पण मग साऱ्या जगाचं काहून मोजता?"

"ती म्हणे, या वयात बूड मोजून घेऊ काय, लोकं हासतील. म्हटलं, साऱ्या पाऱ्याचंच मोजतो. सगळ्यायचंच मोजलं, तर हासंल कोण?"

"आणि नागपूर?"

"नागपूरले कोण चाल्लं! नागपूर म्हटलं का लोकं माह्याकडं पाहतात, तिच्याकडं नाही."

असल्या वेळी पत्रक उपयोगाचं नसतं, माणसं लागतात. रविवारी गल्लीतल्या बायकांना मी काकांच्या अंगणात गोळा केलं. एकेक जण पुठ्ठ्यावर बसली आणि आपलं माप आपणच ओरडली. हसण्याचा गलका झाला. काकू दारात आल्या, थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "सरका." बसल्या. ते एकच माप काकांनी ओरडून सांगितलं नाही.

पुढं शिंप्याच्या डोक्यावर उभं राहून काकांनी अशी सलवार शिवून घेतली की टेकण्याच्या जागी एकही शिवण येऊ नये. लग्नाच्या सकाळी आम्ही तिघं निघालो. काकूंची साडी घडी करून कॅरिअरवर होती.

अभनपूरच्या बाजारात चहाला थांबलो. काकांनी सगळ्यांदेखत विचारलं, "दुखते काय?"

"नाही," काकू म्हणाल्या. फार जुन्या सवयीनं.

काका हलले नाहीत. पाना हातात घेऊन सायकलशेजारी उकिडवे बसले आणि वर पाहत राहिले. चहा निवला. चहावाल्यानं छत्तीसगढीत विचारलं, "का होगे, दाई?" म्हणजे, काय झालं, आई? भाजीवाली बघू लागली. काकूंनी पदर नसलेला खांदा चाचपला, मान वर केली आणि बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हव. दुखते. समोरचं टोक टोचते. खाली घ्या ते."

काका नट शोधू लागले. डोळे मिटूनही सापडणारा नट त्यांना सापडेना. मी बोट लावून दाखवला.

त्या गावात काकूंना कोणी कसं ओळखलं, ते त्यांच्याच तोंडून ऐका. हल्ली त्या दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.

तुम्ही एवढंच करा. तुमच्या घरात जिनं, ज्यानं आजवर कधी तक्रार केली नाही, त्या माणसाला आज विचारा, कुठं दुखतं? पहिल्या 'नाही'वर विश्वास ठेवू नका. उठून जाऊ नका. उत्तर येईपर्यंत तिथंच बसा.