टेबलाचं स्थळ

प्रेशर कुकर विकत घ्यायला आलेल्या बाईंना "घरी कोण कोण असतं?" असं विचारणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तायडे. बाई चिनी, प्रश्न इंग्रजीत, पण सूर अगदी मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमातला. बाईंनी बिचाऱ्यांनी नवरा, मुलं, सासू अशी सगळी माहिती दिली. तायडेंनी कुकरकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि आम्हाला मराठीत म्हणाले, "भरलं घर आहे. द्यायला हरकत नाही."

सिंगापुरात आमच्यासारखी नोकरीच्या पासवर आलेली मराठी कुटुंबं काही वर्षं राहायची आणि परत जायची. जाण्याआधी ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत घरातलं सगळं मांडून विकायचं आणि त्यासाठी तायडेंना बोलवायचं, हा ईस्ट कोस्टजवळच्या आमच्या वस्तीतला रिवाजच होता. तायडे स्वतः हार्बरफ्रंटला एका जहाज कंपनीत. बायको नागपूरला बँकेत, मुलगा तिकडेच शाळेत, त्यामुळे इथे ते एकटे राहायचे आणि दर शनिवारी आमच्याकडे थालीपीठ खायला यायचे. आमच्या जेवणाच्या टेबलाची खिडकीकडची खुर्ची त्यांची. तिथे दुसरं कोणी बसलं तर ते उभे राहून हवापाण्याच्या गप्पा मारायचे, पण दुसऱ्या खुर्चीवर बसायचे नाहीत.

मला कंपनीनं पुण्याला परत बोलावलं तेव्हा आमच्या सेलची सूत्रं अर्थातच त्यांच्याकडे गेली. तायडेंपुढे 'विकायचं' हा शब्द काढायची सोय नव्हती. "मिक्सरसाठी स्थळ बघतोय," असं ते म्हणायचे. आदल्या दिवशी आम्ही सगळे कामाला जुंपले गेलो. बायकोनं, म्हणजे सुमेधानं, भांडी चिंचेनं लख्ख केली. मी पंख्याची पाती पुसली. आमच्या लेकीनं, इरानं, तिच्या सायकलला स्वतःची रिबन बांधली. "बघायला येणार आहेत, पारोशी दिसायला नकोत," तायडे म्हणाले.

शिवाय कुठलंही भांडं ते रिकामं जाऊ देत नसत. प्रत्येकात मूठभर तांदूळ. कुकरवाल्या बाई तर लिफ्टपर्यंत जाऊन धावत परत आल्या. "अंकल, यू फर्गेट युवर राइस!" तायडे हात मागे बांधून उभे राहिले. घेईनात. त्या बाई तांदूळ घेऊन आमच्याभोवती फिरल्या आणि शेवटी आम्हाला काहीतरी झालंय अशा नजरेनं बघत निघून गेल्या.

सेलच्या दिवशी सकाळीच जुरोंग ईस्टहून जुन्या सामानाचा एक व्यापारी लॉरी घेऊन आला. सगळं एकदम उचलतो म्हणाला. सोमवारी घरमालकाला चाव्या द्यायच्या होत्या, त्यामुळे मी हो म्हणायला तोंड उघडलंही होतं. तायडे मध्ये पडले. "गोदामात टाकणार हा. आपली माणसं आहेत का ती गोदामात टाकायला?" लॉरी रिकामी परत गेली. सुमेधानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू तायडे माझ्या आईकडचे नातेवाईक होते.

पण खरं सांगतो, दुपारपर्यंत तिची मान ताठ झाली होती. जाडजूड टीव्ही गेला, सीडी प्लेअर गेला, पोळपाट-लाटणंसुद्धा गेलं. लोक भांडी हातात घेऊन "सो शायनी" म्हणत होते आणि सुमेधा चिंचेचं गुपित सांगत होती. इरा तिची सायकल नेणाऱ्या मुलीला ब्रेक कसा लावायचा ते शिकवून आली. आमच्या घराला इतकी मागणी असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मला आमचा फार अभिमान वाटला.

राहिलं फक्त जेवणाचं टेबल, खुर्च्यांसकट. गिऱ्हाईक नव्हतं असं नाही. चांगली चार-पाच आली, पण तायडे विचारायचे, "राहता कुठे?" उत्तर लांबचं आलं की नकार. "एवढ्या लांब द्यायचं नाही."

"काका, जस्ट सेल इट लाह," इरा वैतागून सिंगापुरी थाटात म्हणाली.

"घाई नको. स्थळ माझ्या मनात आहे."

"आणि जमलं नाही तर?" सुमेधानं विचारलं. "टेबल डोक्यावर घेऊन विमानात बसू का?"

तायडे फडकं घेऊन टेबल पुसायला लागले.

रविवारी संध्याकाळी ते आले आणि म्हणाले, "उचला." शेजारच्या ब्लॉकमधल्या लिम आँटींनी टेबल घ्यायचं कबूल केलं होतं. आँटी एकट्याच, मुलगा ऑस्ट्रेलियात. वाटेत दम खायला टेबल खाली ठेवलं की तायडे काहीतरी दाखवायचे. त्या बाल्कनीतली वेताची खुर्ची परत गेलेल्या कुलकर्ण्यांची. तो खिडकीतला दिवा मेश्रामांचा. रोज जेवण झालं की मी इकडून एक चक्कर मारतो, म्हणाले.

आँटींच्या घरात टेबल मांडलं, दुसऱ्या खेपेत खुर्च्या आणल्या. मी तायडेंना विचारलं, "आँटींना नाही विचारलंत, घरी कोण कोण असतं?" त्यांच्याऐवजी आँटीच हसून म्हणाल्या, "युवर फ्रेंड व्हेरी फनी वन. ही से टेबल कॅन टेक, बट एव्हरी सॅटर्डे मस्ट गिव्ह हिम कोपी." कोपी म्हणजे इथली कॉफी.

तायडे खुर्च्या लावत होते. एक त्यांनी खिडकीकडे सरकवली.

"तुम्ही सगळे जाता," ते पाठमोरेच म्हणाले. "शनिवारी मी कुठे जायचं?"

दारात सुमेधा उभी होती. टेबल रिकामं कसं द्यायचं म्हणून मूठभर तांदूळ घेऊन मागोमाग आली होती. तिनं ऐकलं, तांदूळ टेबलावर ठेवले आणि आल्या पावली घरी गेली. परत आली ती भाजणीचा डबा घेऊन, सरळ आँटींच्या स्वयंपाकघरात. ओल्या फडक्यावर कसं थापायचं, मध्ये भोक का पाडायचं, सगळं दाखवलं. "लाइक पॅनकेक लाह. कॅन, कॅन," आँटी म्हणत होत्या.

आँटींनी थापलेलं पहिलं थालीपीठ जरा जाडच झालं. ते खिडकीकडच्या खुर्चीपुढे आलं.

"स्थळ चांगलं मिळालं हो, भाऊजी," सुमेधा म्हणाली.

तायडेंनी नुसती मान हलवली आणि खाली बघून खात राहिले.