बिराजदार अण्णा मशीन घेतात

बिराजदार अण्णांच्या घरात येणाऱ्या प्रत्येक नव्या वस्तूला आधी तीन दिवस व्हरांड्यात राहावं लागतं. फ्रिज राहिला, इस्त्री राहिली, मुलीनं पुण्याहून पाठवलेला सोफासुद्धा राहिला. त्या तीन दिवसांत अण्णा तिच्यासमोर खुर्ची टाकून बसतात. चहा तिथंच, पेपर तिथंच. मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा ते फ्रिजवरची नजर न काढता म्हणाले, "बघतोय की. कसली हाय, काय हाय. एकदम आत घ्यायचं म्हंजे... भरवसा कुटं हाय, बाई?"

आमची जोडघरं आहेत, होटगी रोडच्या मागच्या कॉलनीत. मधली भिंत एकच. अण्णा रेल्वेतून रिटायर झाले. सगळी नोकरी होटगी जंक्शनला सिग्नलच्या कामात गेली. मूळचे अक्कलकोटकडचे, त्यामुळे घाबरले की पहिला शब्द कानडी येतो. आणि ते घाबरतात दिवसातून दहा-बारा वेळा, म्हणजे कानडीचा सराव चांगला राहिलाय. मी शाळेत शिकवते, म्हणून माझ्याहून पंचवीस वर्षांनी मोठे असूनही ते मला बाई म्हणतात. त्यांच्या बायकोला सगळी कॉलनी गौराक्का म्हणते. बारीक चणीच्या, हळू बोलणाऱ्या, आणि नवऱ्याच्या या सगळ्या कारभाराकडे पदर तोंडाला लावून हसत बघणाऱ्या.

घरात शिरलात की आधी कपाटं दिसतात. सगळी सुतळीनं भिंतीतल्या खिळ्यांना बांधलेली. टेबलाच्या चारी कोपऱ्यांना जुन्या चादरीच्या पट्ट्या गुंडाळलेल्या. पंखा आहे, पण तो एकवर. टीव्ही आहे, पण मुका. अण्णा आवाज बंद करूनच बातम्या बघतात आणि बातमीदाराच्या तोंडाकडे बघून स्वतःच अर्थ लावतात. एकदा त्यांनी मला सांगितलं की उजनी धरणाला तडा गेलाय. मी घाबरून घरी येऊन टीव्ही लावला, तर धरणावर पक्षी आले होते.

मिक्सरची गोष्ट तर मी शाळेत इतक्या वेळा सांगितली की स्टाफरूममधल्या बायका ती तोंडपाठ म्हणायच्या. गौराक्का शेंगाचटणी करायला बसल्या की अण्णा रबरी चपला घालून मेन स्विचपाशी उभे. "चालू!" म्हणायचे. मिक्सर घर्रर्र. अण्णा मोठ्यानं पाच अंक मोजायचे. "बंद!" मग शांतता. पाच-सहा सेकंद काहीच नाही. मग पुन्हा "चालू!" वाटीभर चटणीला अर्धा तास लागायचा. मी एकदा म्हटलं, "अण्णा, सलग फिरवा ना. काही होत नाही."

"दम खाऊ दे तिला," अण्णा म्हणाले.

मिक्सरला दम खाऊ देणारा माणूस! मी मान तिरकी करून, कान पुढे काढून त्यांची नक्कल करायचे आणि स्टाफरूम हसून लोळायची.

एकदा दोघं बार्शीला लग्नाला गेले. अक्षता पडायच्या वेळी मला फोन. मागे सनई, आणि अण्णांचा आवाज फाटलेला. "बाई, खिडकीतनं बघा जरा, इस्त्रीचा प्लग काढलाय का?"

मी कुंडीवर चढून बघितलं. "काढलाय."

"वायर गार हाय का?"

"खिडकीतून कसं कळणार, अण्णा?"

"व्हय, ते बी हायच," ते म्हणाले. जेवणं व्हायच्या आत दोघं एसटीत बसून परत. गौराक्कांच्या हातात पानात बांधून आणलेली जिलेबी होती. ती त्यांनी मला दिली आणि म्हणाल्या, "ह्यांचं तसंच हाय."

या उन्हाळ्यात गौराक्कांना दम लागायला लागला. तसा त्यांना तो जुनाच होता, पण यंदा वारं फार सुटलं, कॉलनीसमोर रस्ता खणून ठेवला होता, आणि दुपारी खिडकीत हात ठेवला तर पाची बोटं उमटायची. डॉक्टरांनी सांगितलं, घरात झाडू मारायचा नाही. गाद्या, पडदे, कोच, सगळ्यातली धूळ मशीननं ओढून काढायची. त्याआधी महिनाभर अण्णा दिवसातून दोनदा गुडघ्यावर बसून ओल्या फडक्यानं सगळं घर पुसत होते, तेही चार दिवसांतून एकदा नळाला येणाऱ्या पाण्यात. पण गादी कशी पुसणार?

एका रविवारी सकाळी ते आमच्या दारात आले. इस्त्रीचा शर्ट, हातात छत्री, चेहरा ऑपरेशनला निघाल्यासारखा. "बाई, सात रस्त्याच्या दुकानांत येता का जरा? व्ह्याकूम घ्यायचीय. तुमी शिकलेल्या. मला त्यातलं काय बी कळत न्हाय, आन् भ्याव वाटतंय."

गौराक्कांपाशी समोरच्या घरातल्या आजींना बसवून आम्ही निघालो. पहिल्या दुकानात मिशीवाल्या गृहस्थांनी एक लाल मशीन पुढे ठेवली. अण्णा दोन पावलं मागे सरकले.

"ही काय काय वडती?"

"धूळ, केस, कचरा, सगळं."

"आन् माणूस जवळ आसला तर?"

"माणूस नाही ओढत, काका."

"हवा वडती न्हवं? मग खोलीतली हवा कमी व्हती का?"

गृहस्थ माझ्याकडे बघायला लागले. मी दुकानाच्या भिंतीकडे बघायला लागले. मशीन चालू झाली तसे अण्णांनी डोळे मिटले. मग डोळे न उघडताच म्हणाले, "बाई, त्या फ्रिजच्या मागं जाऊन हुबं ऱ्हावा. आन् जरा खोका."

"काय?"

"खोका की. हळू. मग नुसता जोरात श्वास घ्या."

मी फ्रिजमागे जाऊन खोकले. श्वास घेतले. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई दुकानात वॉशिंग मशीन बघत होती, ती माझ्याकडेच बघत राहिली. अण्णांनी मान हलवली. "न्हाय. काय बी ऐकू आलं न्हाय."

असं आम्ही पाच दुकानं केली. पाचही दुकानांत मी फ्रिजमागे, कपाटामागे, एकदा तर कूलरच्या खोक्यामागे उभी राहून खोकले. शेवटी वैतागून म्हटलं, "अण्णा, मशीन आहे ती! आवाज करणारच! तुम्हाला मशीन घ्यायचीय का माझा घसा तपासायचाय?"

त्यांनी ओशाळून छत्री या हातातून त्या हातात घेतली आणि पाचव्या दुकानातली एक लहानशी करडी मशीन घेतली. तिच्या आवाजात माझं खोकणं त्यांना थोडंसं ऐकू आलं होतं म्हणे. रिक्षात तिला मांडीवर घेऊन, डोळे तिच्यावर रोखून बसले होते.

ती तीन दिवस व्हरांड्यात राहिली. चौथ्या दिवशी मला बोलावणं आलं. बटण मी दाबायचं होतं. अण्णांनी रबरी चपला घातल्या, नाकाला उपरणं बांधलं. गौराक्का आतल्या खोलीत कॉटवर बसल्या होत्या. बाहेरच्या खोलीतली जुनी गादी आधी घ्यायची ठरली.

मी आतल्या खोलीचं दार लावायला गेले. अण्णा एकदम म्हणाले, "दार नको. उघडंच ऱ्हाऊ द्या."

"अहो, गादीतली धूळ उडाली तर सरळ आत जाईल. त्यांच्यासाठीच तर करतोय ना?"

"जाळी लावू या. पडदा सोडू या."

"अण्णा, दहा मिनिटांचं काम आहे." मी शिकवायच्या आवाजात बोलले. तो आवाज मला फार चांगला येतो. मी दार ओढलं, वर कडी घातली आणि बटण दाबलं.

मशीन लहान असली तरी बंद खोलीत आवाज भरून राहिला. पाच अंक मोजून अण्णांनी मशीन बंद करायला हात पुढे केला, तर मी तो धरला. "सलग करा. संपवून टाका एकदाचं." ते करत राहिले, पण बघत होते दाराकडे. मान तिरकी, कान पुढे. मी ज्याची नक्कल करायचे तेच ते. मला हसूही येत होतं.

चार-पाच मिनिटं झाली असतील. त्यांनी वायरच ओढली. प्लग भिंतीतून उपटून आला.

"अय्यय्यो," अण्णा म्हणाले. "ऐका."

मला काहीच ऐकू आलं नाही. अण्णा मात्र दाराशी पोचले होते. घाईत कडी त्यांना काढता येईना. ती मी काढली.

गौराक्का खिडकीशी उभ्या होत्या. दोन्ही हातांनी गज धरलेले, खांदे वर ओढलेले, तोंड उघडं. ओठ काळेनिळे पडले होते. गळ्यातून बारीक शीळ घातल्यासारखा आवाज येत होता, इतका बारीक की मी दोन हातांवर असूनही तो मला जेमतेम ऐकू आला. त्यांनी आमच्याकडे बघितलं. त्या डोळ्यांत जे होतं ते मी अजून विसरले नाही.

ज्या अण्णांना आम्ही सगळे भित्रे म्हणत होतो, त्यांनी एका हातानं गौराक्कांना धरलं, दुसऱ्या हातानं उशीखालचा दम्याचा पंप काढला, त्यांच्या तोंडाला लावला. "गौरी, हळू. माझ्याकडं बघ. हळू सोड." मग मान न वळवता मला म्हणाले, "बाई, रिक्षा."

मी अनवाणी रस्त्यावर धावले. रिक्षावाले चाचा गौराक्कांना बघून म्हणाले, "बैठो बैठो, चाची को संभालो, अब्बी पोंचते." खणलेल्या रस्त्यावर रिक्षा उडत होती. प्रत्येक खड्ड्याला ती शीळ बंद व्हायची आणि मला वाटायचं, झालं. मग पुन्हा यायची. मी मनात एकच म्हणत होते, कडी मी घातली. कडी मी घातली.

हॉस्पिटलात त्यांना आत घेतलं, तोंडावर वाफेचा मास्क लावला. तासाभरानं डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. अण्णा बाहेरच्या बाकावर बसले होते, पायात अजून त्या रबरी चपला.

"अण्णा, माझं चुकलं," मी म्हटलं.

ते त्या चपलांकडे बघत म्हणाले, "तुमाला काय म्हाईत, बाई. हिला दम लागला की हाक मारता येत न्हाय. आवाजच फुटत न्हाय. नुसती शिट्टी वाजती छातीत. ती ऐकावी लागती."

मग त्यांनी सांगितलं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, होटगीच्या क्वार्टरमध्ये होते. सकाळी ड्यूटीवर जाण्याआधी अण्णा स्टोव्ह पेटवून चहा करत होते. पितळी पंपाचा स्टोव्ह, भणभणणारा. चहा गाळून, स्टोव्ह बंद करून मागे वळले, तर गौराक्का जमिनीवर पडलेल्या. कधीपासून पडल्या होत्या, कळलंच नाही. "चार हातावर व्हती की हो. चार हातावर. आन् मी स्टोव्ह ऐकत बसलो."

मी मान खाली घातली. टीव्ही मुका. पंखा एकवर. पाच अंक मोजून मिक्सर बंद. दम मिक्सरला खाऊ देत नव्हते ते. तेवढ्या शांततेत बायकोचा श्वास ऐकून घेत होते. आणि हे सगळं मी हातवारे करून स्टाफरूममध्ये दाखवत होते.

"मग कुणाला सांगितलं का नाहीत? आम्ही हसायचो, अण्णा."

"हसू द्या की. मी सांगितलं आसतं तर तिला कळलं आसतं, मी किती भितो ते. मग ती भ्याली आसती."

तीन दिवसांनी गौराक्का घरी आल्या. अण्णा मशीन कुणाला तरी देऊन टाकायला निघाले होते. मीच अडवलं. आता रविवारी दुपारी मी गौराक्कांना आमच्या घरी आणून बसवते, त्यांच्याशेजारीच बसते, आणि पलीकडे अण्णा मशीन फिरवतात. मध्येच बंद करतात. मग भिंतीवर मी दोनदा टकटक करते, म्हणजे सगळं ठीक. मशीन पुन्हा सुरू होते. शाळेत मी ती नक्कल परत केली नाही. कुणी आग्रह केला तर म्हणते, विसरले.

मागच्या रविवारी काम संपल्यावर मी गौराक्कांना घरी सोडायला गेले. त्या कॉटवर आडव्या झाल्या. अण्णा पायथ्याशी खुर्चीत बसले, घामेजलेले, नजर गौराक्कांच्या छातीवर. दोन मिनिटांत गौराक्का घोरायला लागल्या. चांगल्या खणखणीत. अण्णांचे खांदे हळूहळू खाली आले, हनुवटी छातीला टेकली, आणि ते बसल्या जागी झोपले.

मी उठले, तर गौराक्कांनी डोळे उघडले. टक्क जाग्या होत्या.

"झोपला नव्हतात तुम्ही?" मी कुजबुजले.

त्यांनी पदर तोंडाला लावला. "घोरलं की ह्यांना वाटतं, मी बरी हाय. मगच ह्यांचा डोळा लागतो. न्हायतर बसत्यात आसंच बघत."

"कधीपासून करता हे?"

"पोरगी पोटात व्हती तवापासनं. सांगू नका हं."

खुर्चीत अण्णांची मान हलली. गौराक्कांनी माझ्याकडे बघत पटकन डोळे मिटले, तोंड थोडं उघडं ठेवलं, आणि आधीपेक्षा मोठ्यानं घोरायला लागल्या.