मोजणीसाहेबांचं न दिसणारं कुंपण

“अहो, चार वाजता शेजारच्या बाई परत येतील. झालं का तुमचं?” बायकोनं दारातून विचारलं.

“झालंच. आता हे बटण कायम चालू राहिलं पाहिजे. बंद दिसलं की लगेच चालू करायचं. मला विचारत बसू नकोस.”

मोजणीसाहेबांनी कपाळावरची माती पुसली. तीस वर्षं त्यांनी लोकांच्या जमिनींच्या हद्दी मोजल्या होत्या, आज स्वतःची मोजली. शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी काल बजावलं होतं, “तुमच्या ढोल्याच्या दोन तक्रारी आधीच झाल्यात. पुन्हा माझ्या टोमॅटोच्या वाफ्यात दिसला तर तिसरी. आणि तिसरीला कॉलनीतून कुत्रा जातो, नियम आहे.”

आणि ढोल्याशिवाय साहेबांचं चालणार नव्हतं. कुत्रा नको म्हणून वर्षभर भांडलेला हा माणूस आता ढोल्या पायाशी नसेल तर पेपरसुद्धा उघडत नसे.

म्हणून हे न दिसणारं कुंपण. हद्दीवर जमिनीत पुरलेली तार आणि ढोल्याच्या गळ्यात पट्टा. तारेजवळ गेलं की पट्टा वाजणार, आणखी पुढे गेलं की झटका. साहेबांनी चार वेळा टेप लावून तार अशी पुरली की बोटभर इकडे नाही, बोटभर तिकडे नाही. मग ऐटीत बटण दाबलं. ढोल्या कुठल्या बाजूला आहे, तेवढं बघायचं राहिलं.

तो टोमॅटोत होता.

मालक दिसताच गडी शेपूट हलवत घराकडे धावला. टुंग! पाठोपाठ केकाटणं, आणि ढोल्या उलट्या पावली पळून वाफ्याच्या मधोमध बसला. चाराला दहा मिनिटं कमी होती.

साहेबांनी धावत जाऊन बटण बंद केलं. “ये रे माझ्या राजा!”

राजा ढिम्म. बिस्किट दाखवलं तर त्यानं मान फिरवली. एकदा फसलो, पुन्हा नाही, असा त्याचा चेहरा. शेवटी साहेबच वाफ्यात उतरले. पट्टा काढून मुठीत धरला आणि ते चाळीस किलोंचं धूड छातीशी कवटाळून उचललं. पाय मातीत रुतत होते, कंबर बोंब मारत होती, पण पायाखाली तार आली होती आणि घर चार पावलांवर होतं.

आत बायकोला बटण बंद दिसलं. “मला सांगतात आणि स्वतःच विसरतात,” असं पुटपुटत तिनं ते चालू केलं.

टुंग!

“आई गं!”

ढोल्या हातातून उडाला तो थेट घराच्या पायरीवर. साहेब मागच्या मागे टोमॅटोत आडवे. तेवढ्यात फाटक करकरलं. बाई आल्या होत्या.

बाईंनी आडवी झालेली रोपं पाहिली, रोपांवर आडवे झालेले साहेब पाहिले.

“कुत्रा कुठाय?”

“तो काय, पायरीवर!” बायको घाईघाईनं ओरडली. “दुपारपासून हललासुद्धा नाही हो, बाई!”

बाईंनी मातीवर नजर फिरवली. सगळीकडे साहेबांच्या बुटांचे ठसे. ढोल्याचे होते नव्हते ते साहेबांच्या अंगाखाली गेले होते. मग त्यांचं लक्ष साहेबांच्या मुठीकडे गेलं.

“आणि हा पट्टा कुणाचा?”

साहेबांनी पायरीकडे पाहिलं. ढोल्या जीभ बाहेर काढून त्यांच्याकडेच बघत होता.

“माझा,” ते म्हणाले.

बाईंनी चष्मा नीट केला. “मग उद्यापासून घालत जा.”