सासूबाईंच्या स्केट्सची चाचणी

'अपघात होत नाहीत, होऊ दिले जातात.' हे वाक्य माझं आहे. गोदामाच्या भिंतीवर ते कंपनीच्या नावाने टांगलंय, पण लिहिलंय मी. बावीस वर्षं मी तिथे सुरक्षा अधिकारी आहे आणि माझ्या अमलाखाली कुणाचं बोटसुद्धा चेंगरलेलं नाही. अशात एकदा सासूबाई जेवताना "मी स्केट्स घ्यायचे म्हणते" असं म्हणाल्या आणि माझा घास हातातच राहिला.

सासूबाई सदुसष्ट वर्षांच्या. एकतीस वर्षं इस्पितळात वॉर्ड सिस्टर होत्या, आता आमच्याकडेच असतात.

"कुणासाठी?" मी विचारलं.

"माझ्यासाठी."

"म्हणजे पायात घालायला?"

"नाही, कानात."

बायकोचा चेहरा पांढराफटक पडला होता. "अगं आई, तुझं खुब्याचं हाड..."

"माझं हाड माझ्यापाशी आहे. तू भात वाढ."

मग सगळं बाहेर आलं. दर रविवारी सकाळी त्या विणकाम शिकायला म्हणून मैत्रिणीकडे जात, ते विणकाम नव्हतंच. साठीच्या पुढच्या पाच बायका रिंकवर भाड्याचे स्केट्स घालून फिरत होत्या. चार महिन्यांत एक मोजासुद्धा विणून झाला नव्हता, हे आमच्या लक्षात यायला हवं होतं. पण घरातली म्हातारी चाकांवर असेल अशी शंका कोण घेतो?

रात्रभर बायको कूस बदलत होती. "अहो, ती पडली तर?" मी म्हटलं, "मी असताना? खरेदीपासून देखभालीपर्यंत सगळं माझ्या हातात दे आणि निवांत झोप."

दुकानात गेल्या गेल्या मी पहिला सल्ला दिला, "एक नंबर मोठा घ्या. जाड मोजे घालता येतील."

दुकानदाराने माझ्याकडे दयेने पाहिलं. "साहेब, टाच आत हलली की घोटा मुरगळलाच. बूट घट्ट हवा. फक्त बोटं दुमडायला नकोत."

"मी तेच म्हणणार होते," सासूबाई म्हणाल्या आणि सात नंबरचा जोड पायात चढवून लेस बांधूनही मोकळ्या झाल्या. चार चाकांचा, निळा, घोट्याच्या वर येणारा. योगायोगाने माझाही नंबर सातच. या योगायोगाने पुढे माझा घात केला. हेल्मेट, कोपर-गुडघ्याचे पॅड आणि मनगटाचे पट्टे मी स्वतः निवडले आणि स्वतःवरच खूश झालो.

शनिवारी दुपारी सासूबाई जरा आडव्या झाल्या होत्या, बायको इस्त्री करत होती. मी बाल्कनीत स्केट्स घेऊन बसलो. एकेक चाक फिरवून पाहिलं. दुकानदाराने तेलाचा एक थेंब पुरे म्हणून सांगितलं होतं, पण दुकानदार हात राखूनच सांगतात. मी शिलाई मशीनच्या तेलाची अर्धी बाटली रिकामी केली. चाकं अशी फिरायला लागली की थांबायचं नाव घेईनात. मग माझी नजर पुढच्या टोकाला असलेल्या रबरी ठोकळ्यांवर गेली. नवा फ्रिज येतो तेव्हा कोपऱ्यांना असे ठोकळे लावलेले असतात. पॅकिंग काढायचं राहिलेलं दिसतंय, असं म्हणत मी पाना आणला, पंधरा मिनिटं घाम गाळला आणि दोन्ही ठोकळे काढून कचऱ्याच्या डब्यात टाकले.

ते ब्रेक होते.

हे मला नंतर कळलं. त्या क्षणी माझ्या मनात एकच विचार होता, की तपासल्याशिवाय कुठलंही यंत्र कामगाराच्या हाती द्यायचं नाही. मी हेल्मेट घातलं. पॅड बांधले. वर गोदामातलं चमकणारं पिवळं जाकीट चढवलं. मनगटाचे पट्टे घातले, तर लेस बांधता येईना. म्हणून पट्टे काढले, लेस बांधली आणि पट्टे तिथेच स्टुलावर विसरलो.

भिंत धरत धरत मी दाराबाहेर आलो. आमचा पॅसेज तिसऱ्या मजल्यावर, या टोकापासून लिफ्टपर्यंत सरळ. धुतलेलं पाणी वाहून जावं म्हणून त्याला लिफ्टच्या बाजूला उतार दिलाय. अकरा वर्षं तिथे राहून मला तो उतार दिसला नव्हता. माझ्या चाकांना तो लगेच दिसला.

आधी वाटलं भिंत सरकतेय. मग लक्षात आलं, सरकतोय तो मी. मी ओरडलो, "बाजूला व्हा, बाजूला व्हा!" पॅसेजमध्ये कुणीही नव्हतं. पण ओरडल्यामुळे शेजारचे निवृत्त हेडमास्तर दार उघडून बाहेर आले. पिवळं जाकीट, हेल्मेट आणि 'बाजूला व्हा' म्हणत धावणारा सुरक्षा अधिकारी! शहाण्या माणसाने जे समजायचं तेच ते समजले.

"आग?" ते म्हणाले.

"नाही, ब्रे..." एवढंच मला बोलता आलं. हेडमास्तरांनी आगीची घंटा दाबली.

सगळी दारं धडाधड उघडली. मी आधारासाठी पहिली मिळेल ती वस्तू पकडली. तो कुणाचातरी कपडे वाळत घालायचा स्टँड होता, आणि दुर्दैवाने त्यालाही चाकं होती. आता आम्ही दोघं निघालो. एक ओली चादर माझ्या तोंडावर आली. मागून हेडमास्तरांचा आवाज ऐकू येत होता, "पळू नका. रांगेत उतरा. लहान मुलं पुढे."

मी आणि स्टँड उघड्या लिफ्टमध्ये शिरलो, आरशावर आपटलो. दार बंद झालं, आणि खालून कुणीतरी बोलावल्यामुळे लिफ्ट नेहमीसारखी रखडत रखडत निघाली. चादरीखाली मी देवाचे आभार मानले. वाटलं, संपलं.

तळमजल्यावर दार उघडलं, तर सगळी इमारत समोर उभी. कुणी टॉवेलवर, कुणी पिठाच्या हातांनी. वॉचमन प्रामाणिक माणूस. धुरात गुदमरलेला कुणीतरी चादर गुंडाळून आलाय असं वाटून त्याने स्टँड धरून मला जोरात बाहेर ओढलं. स्टँड त्याच्या हातात राहिला. मी त्याच्या बगलेखालून सुटलो तो थेट पार्किंगच्या उतारावर.

उताराच्या पायथ्याशी सासूबाई उभ्या होत्या. घंटा ऐकून त्या जिन्याने उतरल्या होत्या, अनवाणी. त्यांनी आधी स्केट्स पाहिले, मग मला.

"गुडघे वाकवा!" त्या गरजल्या. "खाली बसा. हात आत घ्या. जावईबापू, हात आत!"

मी गुडघे वाकवले नाहीत, बसलो नाही आणि दोन्ही हात पुढे करून कुंड्यांच्या रांगेवर गेलो.

सासूबाईंनी माझं मनगट दोन बोटांत धरलं, इतक्या अलगद की मला रडूच आलं. "मोडलंय," त्या म्हणाल्या. मग मुलीकडे वळल्या, "रिक्षा बोलाव. आणि रडू नकोस, मनगटच आहे." बायको तरीही रडत होती. आयुष्यभर मी तिला धीर दिला असं मला वाटत होतं. तिथे तिचा हात आईच्या खांद्यावर होता.

इस्पितळात तरुण डॉक्टरने कागद वाचला, 'स्केट्सवरून पडणे.' मान वर करून तो सासूबाईंना मोठ्या आवाजात म्हणाला, "आजी, या वयात कशाला हे उद्योग?"

"पेशंट हे आहेत," सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. पिवळं जाकीट पाहिलं. पुन्हा कागद पाहिला. मग मला वगळून त्याने सासूबाईंनाच विचारलं, "सहा आठवडे प्लास्टर राहील. घरी यांच्याकडे लक्ष द्यायला कुणी आहे का?"

"आहे ना. मी."

आणि त्या खरंच देतात. रविवारी रिंकवर जाताना मला सोबत नेतात, कठड्यापाशी बाकावर बसवतात, हातात पाण्याची बाटली देतात आणि उलट्या दिशेने सरकत सरकत लांब जातात. मी श्वास रोखून बघत बसतो. परवा मी म्हटलं, एवढा त्रास कशाला घेता, मी घरीच थांबतो. तर म्हणाल्या, "तुम्हाला एकट्याला ठेवायचं म्हणजे माझ्या जिवाला घोर."