चेटकिणींचे वकील

अरुणकाकांना कुणी जेवायला बोलावलं की पहिला घास घेण्याआधी ते घरच्या बाईला विचारतात, “हे खाल्ल्यावर घरी जाता येईल ना?” नवख्या बायका गोंधळतात. एकीने तर हातातलं पातेलं खाली ठेवून फ्रिजमधल्या दह्याची तारीख बघितली होती. आम्ही अमेरिकेतल्या या कॅरी गावातली जुनी मंडळी मात्र सरळ सांगतो, “नाही जाता येणार, काका. बसा.” मग ते खूश होऊन दोनदा भात घेतात आणि सगळ्यांच्या आधी घरी जातात.

हा प्रश्न मूळचा ग्रीकांचा; त्यांच्या गोष्टींत परक्या बेटावर काही खाल्लं की खलाशी घरची वाट विसरतात. काका औषधाच्या कंपनीतले केमिस्ट, आता रिटायर्ड, आणि लॉनपलीकडचे आमचे शेजारी. या वयाची माणसं इथे गोल्फ खेळतात किंवा टोमॅटो लावून हरणांना खायला घालतात. काकांनी चेटकिणी धरल्या आहेत. जुन्या ग्रीक काव्यांतल्या, आपल्या कामरूपातल्या, जिथे म्हणून एखादी बाई वाटेने चाललेल्या पुरुषाला ठेवून घेते तिथल्या सगळ्या. नावं ते घेत नाहीत. माणसांची डुकरं करणारी ‘बेटावरची’, ‘गुहेतली’, ‘ती सोन्याच्या लोकरीवाली’, असं आपल्या मावश्यांबद्दल बोलावं तसं बोलतात. त्यांच्या भाषेत चेटकीण ही पदवी आहे आणि नायक ही शिवी. कुणी पाहुणा आठवडाभर राहिला, खाल्लं-प्यायलं, एअरपोर्टला सोडून घेतलं आणि पोचल्याचा मेसेजसुद्धा केला नाही, की काका मान हलवून म्हणणार, “नायक आहे झालं.”

एका गणपतीत त्यांनी मंडळात ‘चेटकिणींची बाजू’ या विषयावर व्याख्यान मागून घेतलं. कमिटीने शहाणपणा करून ते जेवणाच्या वेळेला ठेवलं. काका माइकवर म्हणाले, “मी जन्मभर औषधं केली. एका डोसात माणसाचं डुक्कर होत नाही. त्याला वीस वर्षं ऑफिसात बसवावं लागतं.” मग म्हणाले, “नायक म्हणजे कोण? जो जेवतो, राहतो आणि निघताना त्याच बाईला रस्ता विचारतो, तो.” पुरीच्या रांगेतले दोन-तीन नवरे उगाचच मागे वळून बायकोकडे बघायला लागले. शेवटी त्यांनी फूड कमिटीच्या प्रमुख बाईंना स्टेजवर बोलावलं आणि “आपल्या गावातली सर्वांत मोठी चेटकीण” म्हणून नारळ दिला. त्या बाई अजून त्यांच्याशी बोलत नाहीत.

या नादाचं मूळ त्यांच्याच घरात होतं. त्यांची बायको, लिंडाकाकू. जन्माने इथलीच, नॉर्थ कॅरोलिनाची, डोंगराकडची, शाळेतली रिटायर्ड नर्स. पिकअप ट्रक चालवते आणि मराठी तीन शब्दांत उरकते: बस, जेव, वाढ. काका इथे शिकायला आले ते दोन वर्षांत परत जायच्या बोलीवर. एका रविवारी लिंडाच्या वडिलांनी घरी बोलावलं आणि पोरगा उपाशी दिसतो म्हणून लिंडाने ताटभर बार्बेक्यू वाढलं. काय खातोय ते काकांना ताट संपल्यावर कळलं. “ग्रीकांच्या बाईने माणसांची डुकरं केली,” ते सांगतात, “हिने डुक्कर खायला घालून माझा माणूस केला.”

हा विनोद त्यांनी तेव्हा सांगलीला फोनवर करायला नको होता. सांगलीत त्यांची थोरली बहीण, कुमुदअक्का. आई लवकर गेली. अक्काने शिवणक्लास चालवून यांना वाढवलं, शिकवलं, विमानात बसवलं आणि त्या धबडग्यात स्वतः लग्न केलं नाही. तिने फोनवर लग्नाची बातमी ऐकली आणि एवढंच म्हणाली, “तिने तुला काहीतरी चारलंय.” त्या बाईच्या हातचं पाणीसुद्धा घेणार नाही, असं तिने तेव्हा ठरवलं आणि पाळलं. काका सांगलीला जायचे ते एकटेच.

आणि या वसंतात अक्का आपणहून आली. म्हणाली, गुडघे चालतायत तोवर अरूचं घर बघून घेते. काकांना एवढंच हवं होतं की परत जायच्या आधी तिने लिंडाच्या हातचं एकदा जेवावं. गोष्टीतल्या नायकाला बेटावरच्या बाईकडे जाताना एका देवाने जादू बाधू नये म्हणून मुळी दिली होती म्हणे. तशी अक्का मेतकुटाचा डबा, दशम्या आणि स्वतःचं पातेलं घेऊन आली. रोज त्या पातेल्यात मूठभर भात लावायची आणि खिडकीशी बसून खायची. लिंडाकाकू रोज टेबलावर तिचं पान मांडायची आणि जेवणं झाली की ते कोरं पान उचलून ठेवायची. मला तिची फार दया यायची आणि अक्काचा रागही.

अक्का जायच्या आधीच्या रविवारी काकांनी मला बोलावलं. कारण सांगितलं दुभाषी म्हणून, पण खरं तर त्यांना दोघींच्या मध्ये एकट्याने बसायचा धीर नव्हता. लिंडाकाकूने मक्याचा ब्रेड आणि बीन्स केल्या होत्या. बीन्समध्ये मांसाचा तुकडासुद्धा नाही, हे अक्काला सांग, असं ती मला पुन्हा पुन्हा बजावत होती. अक्का खिडकीशी क्रोशा घेऊन बसली होती. काकांनी बेटावरच्या बाईसाठी शेवटचा युक्तिवाद सुरू केला.

“डुकरं केली, कबूल. पण परत माणसं पण तिनेच केली ना? आधीपेक्षा देखणी. वर्षभर जेवायला घातलं. नायक निघतो म्हणाला तर अडवलं नाही, उलट वाट सांगितली.”

“घरी निघाला होता ना तो?” अक्काने क्रोशावरून नजर न काढता विचारलं.

“हो.”

“मग घरी कोण होतं?”

“बायको होती.”

“काय करत होती?”

“विणत होती,” काका म्हणाले. “वाट बघत.”

अक्काने हातातल्या विणकामाकडे बघितलं. “भाषणं देतोस म्हणे एवढी. तिच्याबद्दल बोललास कधी?”

मला आठवेना. काका खरंच कधी बोलले नव्हते.

“आता खरं सांग अरू. हिने ठेवून घेतलं तुला?”

काकांनी टेबलावरचा चमचा सरळ केला. “नाही. तिने मला परतीचं तिकीट काढून दिलं होतं. म्हणाली, जा, तुझी बहीण वाट बघत असेल. मीच गेलो नाही. मला राहायचं होतं, अक्का.”

“मग तेव्हाच का नाही सांगितलंस?”

“तुला वाटलं चेटूक झालंय. मला वाटलं, तेच बरं. मी तुला आपणहून सोडलं, हे कळण्यापेक्षा.”

लिंडाकाकूने मला हळूच विचारलं, “व्हॉट्स ही सेइंग?” जगातल्या सगळ्या चेटकिणींची वकिली करणाऱ्या या माणसाने घरच्या खटल्यात आज पहिल्यांदा साक्ष दिली होती, हे इंग्रजीत कसं सांगायचं ते मला सुचेना. मी म्हटलं, “युअर साइड.”

अक्काने दोरा गुंडाळून पिशवीत ठेवला. सिंकवर जाऊन हात धुतले. मग रोज कोरं राहणाऱ्या त्या पानासमोर येऊन बसली.

“लिंडा,” ती म्हणाली. हे नाव तिच्या तोंडून मी प्रथमच ऐकलं. “वाढ.”

लिंडाकाकूला हा शब्द येत होता. तिने घाईघाईने वाढलं, थोड्या बीन्स टेबलावर सांडल्या. अक्काने मक्याच्या ब्रेडचा तुकडा मोडला, सावकाश चावला. “मीठ कमी आहे,” ती मला म्हणाली, “पण हे तिला सांगू नकोस.” आणि दुसरा तुकडा घेतला.

मग तिने भावाकडे बोट केलं. “याला पण वाढ गं. बघ कसा बसलाय मेला, उपाशी.”

काकांनी ताट पुढे ओढलं आणि काही न विचारता जेवायला लागले.