जागरणाची सूज

मधल्या सुट्टीनंतरची घंटा आमच्या शाळेत गयामावशींना विचारून वाजते. धारूरच्या डोंगरपट्ट्यात आठवीपर्यंतची ही शाळा. मी तिथे गणित शिकवतो आणि मावशी पोरांची खिचडी शिजवतात. हुद्द्याने त्या स्वयंपाकीण. रुबाब मात्र मुख्याध्यापकांच्या वरचा.

खिचडी खाऊन झाली की सातवी-आठवीची पोरं स्वयंपाकाच्या खोलीमागे पत्र्याखाली, धुतलेल्या पोत्यांवर आडवी होतात. ही सगळी व्यवस्था मावशींची. त्यांचं म्हणणं, खाल्लेलं जागेपणी नुसतं पोटात पडून राहतं, अंगी लागतं ते झोपेतच. आठवीतली छाया म्हणजे निव्वळ काडी. तिला औषध झोप. फळगाडीवाल्या रफिकभाईंचा सलीम चांगला गुबगुबीत, रात्र रात्र मोबाइल बघणारा. त्यालाही औषध झोपच. वाळलेलं पोर झोपेने भरतं आणि फुगलेलंही झोपेनेच उतरतं, हे गणित मला काही सुटेना, म्हणून मी एकदा विचारलं. मावशींनी माझी कीव केली.

"सर, सलीमची ती चरबी न्हाई. जागरणाची सूज हाय."

आरोग्य तपासणीला डॉक्टर आले की त्या वजनकाट्याजवळ ठाण मांडून बसतात. डॉक्टर चपला काढायला सांगतात, मावशी छायाला डोळ्यांनी खुणावतात, राहू दे. सलीमला मात्र कमरेचा पट्टासुद्धा काढायला लावतात. दुपारी भंगारवाला भोंगा लावून आला तर त्याला पार वेशीपर्यंत पिटाळून येतात. एकदा मीच व्हरांड्यातून आठवीला हाका मारल्या, तर मलाच सुनावलं, "काहून बोंबलता सर? लेकरं वाढायलीत तितं."

गेल्या महिन्यात शाळेच्या तपासणीला शिक्षण खात्याचे साहेब आले. पत्र्याखाली ओळीने घोरणारी अख्खी आठवी बघून ते हबकले. मावशींनी ओठांवर बोट ठेवून त्यांना हळू बोलायला सांगितलं. साहेब हळूच बोलले, पण बोलले ते वाईट. घंटेच्या आधी स्वयंपाकिणीने स्वतः एकेका पोराला उठवून वर्गात पाठवायचं. जमत नसेल तर बाई बदला. हा निरोप मावशींना द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

मला वाटलं होतं, भांडतील. त्या परात घासत होत्या, घासतच राहिल्या. म्हणाल्या, पोती काढून घ्या, मानधन कापा, पण उठवायचं तेवढं मला सांगू नका. मी पुन्हा समजावलं. तेव्हा म्हणाल्या, मग दुसरी बाई बघा.

मला रागच आला. एकटी बाई, त्या मानधनावर तिचं घर चालतं. पोराच्या खांद्याला हात लावायचा आणि ऊठ म्हणायचं, यात पोटावर पाय देण्यासारखं काय आहे, असं मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

मावशींना मंदा नावाची एक मुलगी होती. एकुलती एक. ऊसतोडीला आईबापांबरोबर गेलेली असताना भरलेल्या बैलगाडीवरून पडून ती गेली, एवढं गावात सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या आठवीतल्या पोरींएवढीच होती. पण मावशींच्या तोंडून तिचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं.

त्यांनी परात बाजूला ठेवली.

"मंदीला झोप लई प्यारी, सर. रातभर ऊस भरू लागली आमाला. जरा कुठं आडवी झाली, तवर गाडी निघायची येळ झाली. मीच हलवून उठवली तिला. म्हणली, आई, आजच्या दिस निजू दे."

मावशी पदराने हात पुसत होत्या, कोरडे झाले तरी पुसत होत्या.

"म्हणलं, चल, गाडीवर नीज."